एक नट बाकी

अर्ज करायला काय लागतं, असं जो म्हणतो त्याने आयुष्यात कधी अर्ज केलेला नसतो. सेवेरो इचुताही ऑगस्टमधल्या त्या रविवारी असंच म्हणाला. बायकोच्या हातातला फोन घेऊन तो खिडकीशी गेला, चष्मा नाकावर ओढला, स्पेनहून मुलीने पाठवलेली यादी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "अकरा कागद. त्यातले सात तर घरातच आहेत. महिन्याभरात उरकतो." नेल्वा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने महिन्याभरात उरकलेलं एकही काम तिला आठवत नव्हतं, आणि हे सांगायची ही वेळ नाही हे तिला कळत होतं.

काम होतं विमानाच्या मेकॅनिकचं. त्यांची एकुलती एक नायरा सात वर्षं सारागोसाला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करत होती. तिथून तासाभराच्या अंतरावर जुनी विमानं दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना निघाला होता आणि माणसं कमी पडत होती. परदेशात शिकलेले चालतील, अर्ज फेब्रुवारीअखेरपर्यंत पोचला पाहिजे, असं जाहिरातीत होतं. आता सारागोसाहून बघितलं तर आपलं डोंगरावरचं एल आल्तो परदेशच. सेवेरोला मात्र आपण परदेशात शिकलो हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच कळलं, आणि पुढचे दोन दिवस तो गल्लीतून जरा ताठ चालत होता.

नोकरीची हौस होती असं नाही. हौस होती हिमेनाची. हिमेना ही नायराची मुलगी, पाच वर्षांची, तिथेच जन्मलेली. नायराचे राहण्याचे कागद अडकलेले होते. एकदा देश सोडला की परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. सेवेरो आणि नेल्वाने दोनदा भेटीचा व्हिसा मागितला आणि दोनदा तो नाकारला गेला, कारण ज्याला इथे नोकरी नाही तो तिथून परत येईल कशावरून? तेव्हा आजोबा आणि नात यांची जी काय ओळख होती ती फोनवरची. एकदा हिमेनाने आईला विचारलं, "आजोबांना पाय आहेत का?" फोनवर तो कायम छातीपर्यंतच दिसायचा. सेवेरो खूप हसला. मग बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या मिनीबसच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभा राहिला. मिनीबसला काही झालेलं नव्हतं.

मिनीबस हा त्याचा दुखरा भाग. तेवीस वर्षं त्याने सखल प्रदेशातून मांस वाहून आणणाऱ्या विमानांवर काम केलं होतं. कंपनी लहान, तीन विमानांची. सहा वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून अठरा सिलिंडरच्या इंजिनावरचा माणूस चार सिलिंडरवर आला होता. गल्लीतल्या बायका तर त्याच्याकडे प्रेशर कुकर घेऊन यायच्या. "तुझं काय ते, हवेचं काम आहे ना," असं म्हणायच्या. तो कुकर दुरुस्त करायचा, पण कुणाशी बोलायचा नाही.

तर कागद. पहिले सात घरात होते ही गोष्ट खरी, पण त्यातले पाच जुने निघाले. जन्माचा दाखला नवा हवा, लग्नाचा नवा हवा. लग्न जुनंच चालेल म्हणाले, एवढी मेहरबानी. चारित्र्याच्या दाखल्यावर तीस दिवसांच्या आत शिक्का पडायला हवा, आणि तो मारणारी कचेरी खाली दरीतल्या ला पास शहरात. सेवेरोने सहा खेपा घातल्या. सहाव्या खेपेला खिडकीतला कारकून म्हणाला, "शुक्रवारी या. तयार असेल."

शुक्रवार उजाडायच्या आत वस्तीच्या समितीची बैठक झाली आणि रस्ते अडवायचं ठरलं. कारण काय, तर खालच्या कचेऱ्या वरच्या लोकांची कामं वेळेवर करत नाहीत. सेवेरोने हळूच हात वर केला. "शुक्रवारनंतर अडवलं तर नाही का चालणार?"

समितीचे अध्यक्ष त्याच्याकडे वळले. "इचुता, तुम्ही सहा खेपा घातल्यात. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं! आणि तुम्हीच मागे सरणार?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे रस्ता अडवायला जायचं म्हणजे हजेरीचं कार्ड असतं. गैरहजर राहिलं तर पुढच्या वेळी नळाची जोडणी कापायची असली की आपलंच नाव आधी आठवतं. सेवेरो एकोणीस दिवस रोज सकाळी आठ ते दोन हमरस्त्यावर दगडावर बसला. गालात कोकाची पानं, हातात कार्ड, आणि समोर बंद रस्ता, ज्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा दाखला तयार होऊन पडला होता. एका दुपारी कुणाची तरी मोटारसायकल बाजूने निसटत होती, तर तिच्यापुढे टायर टाकण्याची पाळी नेमकी त्याची. त्याने कर्तव्य बजावलं.

विसाव्या दिवशी तडजोड झाली. सेवेरो धापा टाकत खिडकीशी पोचला.

"तुमचा दाखला केव्हाचा तयार आहे," कारकून म्हणाला. "पण मुदत परवा संपली."

"अहो, पण रस्ता बंद होता!"

"कुणी बंद केला होता?"

सेवेरोने नाइलाजाने स्वतःकडेच बोट दाखवलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. ही खोड त्याला कुठून लागली ते पुढे येईलच. नवा दाखला मात्र आठवड्यात मिळाला. आंदोलनाचा उपयोग होतो तो असा, हे अध्यक्ष त्याला अजून ऐकवतात.

दहा कागद झाले. अकरावा म्हणजे अनुभवाची वही. गेल्या दहा वर्षांत विमानावर केलेली साठ कामं लिहायची, विमान कुठलं, तारीख काय, काय केलं, आणि प्रत्येक कामापुढे ज्या परवानेवाल्याच्या हाताखाली ते केलं त्याची सही. साठ कामांची सेवेरोला चिंता नव्हती. साठ तर त्याने एकेका पावसाळ्यात केलेली. प्रश्न होता कंपनीच्या दप्तराचा. मालक कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि दप्तराचं काय झालं तेही.

ते कोपऱ्यावरच्या तोमासाबाईंना ठाऊक होतं, फक्त आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तोमासाबाई रोज सकाळी आपी आणि चीजचे पेस्टल विकतात. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय. पेस्टल पुरीसारखा तळून फुगवलेला, कागदात गुंडाळून देतात. त्या सकाळी सेवेरोने पेस्टल संपवला आणि सवयीने कागद वाचला. तेलाच्या डागाखाली त्याचंच अक्षर होतं: डावं इंजिन, सिलिंडर सहा बदलला, इचुता.

"मावशी, हा कागद कुठला?"

"रद्दीतला. छान जाड आहे, तेल शोषतो. सहा वर्षं पुरला बघ मला."

"अजून आहे?"

"एवढा शेवटचा गठ्ठा. का रे? असा पांढरा का पडलास? चीज आंबलंय?"

गठ्ठ्यात सात पानं होती. तोमासाबाई नुसतं पान देईनात. पेस्टल घेतला तर कागद, असा त्यांचा रिवाज. सेवेरोने सात पेस्टल खाल्ले. तीन पानं दुसऱ्याच मेकॅनिकची निघाली आणि चारांवर सहीच्या जागी तेल. सगळं ऐकून तोमासाबाईंना वाईट वाटलं. "अरे, कशाला जीव काढतोस? खाली चौकात टाइपरायटरवाले बसतात ना, त्यातला एक कुणाचीही सही करतो. माझ्या मेहुण्याला त्याने दंतवैद्य केलं."

"आता काय करतो मेहुणा?"

"काय करणार? दात काढतो."

सेवेरो तिथून उठला आणि थेट कास्तो मास्तरांकडे गेला.

कास्तो लारुता. कंपनीतले मुख्य मेकॅनिक, वय एकोणऐंशी. त्यांचा परवाना तहहयात होता आणि सेवेरोचं प्रत्येक काम त्यांच्याच नजरेखालून गेलेलं. मास्तरांची एक पद्धत होती. नट घट्ट झाला की ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यावर टकटक करून ऐकायचे, मग खिशातून बायकोच्या नेलपॉलिशची बाटली काढून नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढायचे. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि ते लांबूनही दिसतं. रेघ ओढली की मग सही. बायको जाऊन बारा वर्षं झाली तरी नेलपॉलिश त्याच रंगाचं. आणि पाहिलं नाही त्यावर सही नाही. मालकाने एकदा, नुसती एक सही करा, विमान खोळंबलंय, म्हणून हात जोडले तेव्हा मास्तर जेवायला निघून गेले होते.

दार मास्तरांच्या मुलीने, इर्माने, उघडलं. "या. पण ओळखतील असं नाही हं. हल्ली मलाही कधी कधी आत्या म्हणतात."

मास्तर खिडकीशी बसले होते. मेकॅनिकची डांगरी घातलेली, बटणं नीट लावलेली. सेवेरोने सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. मास्तरांनी ती दोन्हीकडून पाहिली.

"नाव काय तुझं?"

"सेवेरो, मास्तर. इचुता. तेवीस वर्षं तुमच्या हाताखाली होतो."

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

"शिकायला फार उशीर केलास." त्यांनी वही परत दिली. "ही कामं मी पाहिलेली नाहीत. दाखव, मग सही करतो."

सेवेरोने बापाच्या जागी मानलेला माणूस होता हा. सिलिंडर सहा बदलताना बोट चेमटलं होतं तेव्हा याच माणसाने रुमाल फाडून बांधला होता. पण मास्तर वाकून त्याच्याकडे पाहत होते ते नव्या शिकाऊकडे पाहावं तसं, आणि चुकीचं काहीच बोलले नव्हते. त्यांना आठवत नव्हतं, म्हणजे त्यांनी पाहिलं नव्हतं.

आता उरलं विमान. कंपनीच्या तीन विमानांपैकी दोन भंगारात गेली होती. तिसरी 'जाडी'. दोन पंख्यांची, पोट मोठं, म्हणून मेकॅनिकांनी ठेवलेलं नाव. ती पोलिकार्पोने घेऊन विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभी केली होती आणि तिचं हॉटेल केलं होतं. पूर्वी जिथे मांस टांगलेलं असायचं तिथे आता ते वाढत असत, त्यामुळे आतला वास फारसा बदललेला नव्हता. पंखांखाली टेबलं, शेपटीला भांडी घासायची मोरी. इंजिनं मात्र शाबूत होती, कारण काढायला कुणी धजलं नव्हतं.

"इंजिन उघडायचंय? माझ्या हॉटेलात?" पोलिकार्पोने विचारलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "रविवारी उघडशील?"

अशा रीतीने नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सेवेरो इचुता, तेवीस वर्षांच्या अनुभवाचा मेकॅनिक, पंखावर चढला आणि खाली शंभर माणसं शेंगदाण्याचं सूप पीत वर बघत बसली. पोलिकार्पोने फळा लावला होता: आज कार्बुरेटर. मास्तर खुर्चीत बसलेले, गुडघ्यांवर घोंगडी, हातात स्क्रूड्रायव्हर.

लोक गप्प बसतात थोडेच? "डावीकडे फिरव, डावीकडे!" असं मिनीबसवाले ओरडायचे. एका नवरदेवाने नवरीला पाना धरून फोटो काढायला वर पाठवलं. एक निवृत्त शिक्षक दर रविवारी येऊन हे इंजिन मुळात उलटं बसवलंय असं सिद्ध करायचे. सेवेरो ऐकून घ्यायचा. नट आवळायचा, खाली उतरून मास्तरांना हात धरून शिडीवर चढवायचा. मास्तर टकटक करायचे. शंभर माणसं चमचे खाली ठेवायची.

"पुन्हा," मास्तर म्हणायचे.

आणि सेवेरो पुन्हा उघडायचा. तीनदा, चारदा. कान लाल व्हायचे त्याचे. पण खरं सांगायचं तर त्या दोन-अडीच महिन्यांत तो जितका सुखी होता तितका सहा वर्षांत नव्हता. काम आडवारीही चालायचं, आणि मास्तर रोज सकाळी "नाव काय तुझं?" विचारायचे आणि रोज दुपारपर्यंत "पोरा, तुझा हात बरा आहे" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते विसरायचे, पुन्हा नव्याने म्हणायचे. तेवीस वर्षांत हे त्यांनी एकदाच म्हटलं होतं.

एका रविवारी नेल्वाने फोन मिठाच्या बरणीला टेकवून लांब ठेवला. सेवेरो पंखावरून उतरत होता.

"आई! आजोबांना पाय आहेत!" फोनातून किंकाळी आली. सगळं हॉटेल हसलं. सेवेरोने एकेक पाय उचलून दाखवला.

"आजोबा, ते विमान तुम्ही माझ्याकडे यायला दुरुस्त करताय?"

पाच वर्षांच्या मुलीला अनुभवाची वही म्हणजे काय ते कसं सांगायचं? आणि एका परीने बघितलं तर तिने विचारलं ते खरंच होतं. "हो," तो म्हणाला. त्यानंतर दर रविवारी ती न चुकता विचारायची: झालं का विमान?

साठावं काम होतं इंजिन चालवून पाहणं. पोलिकार्पोने आठ दिवस आधी फळ्यावर लिहिलं आणि दुप्पट टेबलं मांडली. सेवेरो त्याला सांगून सांगून थकला की टेबलं मागे घे. "मागून काय दिसणार लोकांना?" पोलिकार्पो म्हणाला. बॅटऱ्या मिनीबसवाल्यांनी दिल्या. जाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा तिने काळा धूर सोडला, आणि सहा वर्षं झोपलेला पंखा फिरायला लागला.

चाळीस सेकंदच चाललं ते. पहिल्या दहांत छत्र्या गेल्या. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मग सूप, ताटांतून उठून मागच्या रांगेच्या अंगावर. फळा निवृत्त शिक्षकांना लागला. तोमासाबाईंची गोल टोपी उडाली, कुंपणावरून गेली आणि धावपट्टीच्या बाजूला गडगडत राहिली. दहा मिनिटांत विमानतळाचे दोन पहारेकरी हजर.

"विनापरवाना उड्डाण कुणी केलं?"

"साहेब, उडाली ती फक्त टोपी," सेवेरो म्हणाला.

या सगळ्या गोंधळात मास्तर आपल्या जागी उभे होते. पांढरे केस मागे गेलेले, डोळे मिटलेले. इंजिन थांबल्यावर म्हणाले, "अकरा नंबर जरा खोकतोय. पण चालेल." आणि त्यांनी वही मागून घेतली. सेवेरोने रडू लपवण्यासाठी तोंड पुसलं तर हाताला सूप लागलं.

वही त्याने घरी जाऊन वाचली. एकेक काम झालं की मास्तर लिहायचे आणि हा हात पुसत असायचा. गुरूच्या खांद्यावरून डोकावायची कधी सवय नव्हती. साठ पानं, मास्तरांचं शिस्तीतलं अक्षर. प्रत्येक पानावर तारीख होती ती या दोन-अडीच महिन्यांतली. स्थळ: पोलिकार्पोचं हॉटेल. काम करणारा: सेवेरो इचुता, शिकाऊ. मी स्वतः पाहिलं. काम चांगलं. आणि खाली सही.

नेल्वाने दोनदा वाचलं. "सेवेरो, यात तेवीस वर्षं कुठे आहेत? यात तू दोन महिन्यांचा शिकाऊ आहेस. तोसुद्धा हॉटेलातला."

"त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं."

"मला कळतंय. पण सारागोसावाल्यांना कळेल का?" ती त्याच्याशेजारी बसली. "हिमेना शाळेत जायला लागली. तिला खरोखर उचलून घ्यायचं असेल तर आता वेळ आहे. मग ती उचलण्याएवढी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांची वही आणि एक कोरी वही घेऊन सेवेरो खालच्या चौकात गेला.

टाइपरायटरवाला पोरकट चेहऱ्याचा, बोलायला गोड. त्याने मास्तरांची सही पाहिली आणि रद्दी कागदावर एका फटक्यात उतरवली. हुबेहूब. उलट मास्तरांपेक्षा जरा सुबकच, कारण मास्तरांचा हात हल्ली कापत असे. "साठ करायच्या? अर्ध्या तासाचं काम. तारखा तुम्ही सांगा." मग त्याने पान तिरकं धरलं. "सहीवर हे काय? लाल?"

सेवेरोने तोवर ते नीट पाहिलं नव्हतं. मास्तरांनी प्रत्येक सहीच्या शेवटच्या अक्षरावरून पानाच्या कडेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली होती. काम तपासलं, सही तपासली, आता यात कुणी हात घातला तर दिसेल.

"लाल पेनने मारून देऊ?" टाइपरायटरवाल्याने विचारलं.

सेवेरो दोन्ही वह्या उचलून उठला. "राहू दे," म्हणाला. मिनीबसमधून वर येताना तो पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसला होता. आपण नातीला सोडून एका बाटलीच्या रेघेची बाजू घेतली, हे त्याला कळत होतं आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

खरी वही पाठवायची ठरली. सोबत त्याने तीन पानी पत्र लिहिलं, त्यात पेस्टलपासून सगळं. चोवीस जानेवारीला भर बारा वाजता नेल्वा आलासितासच्या जत्रेत गेली. वर्षभरात जे हवं ते त्या दिवशी इवलंसं विकत घ्यायचं आणि धुरावर धरून आशीर्वाद घ्यायचा. तिने अंगठ्याएवढी सूटकेस घेतली आणि अंगठ्याएवढा पासपोर्ट. सूटकेस घरी ठेवली. पासपोर्ट, जिथे गरज आहे तिथेच असावा म्हणून, तिने अर्जाच्या लिफाफ्यात मास्तरांच्या वहीत सरकवला आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. लिफाफा फोडल्यावर आधी तो पासपोर्टच टेबलावर पडला, तेव्हा वाचायची तशी गरज उरली नव्हती. तरी सेवेरोने मोठ्याने वाचलं. आपण सादर केलेली साठही कामं एका उपाहारगृहात केलेली आढळतात. अर्जदाराचा अनुभव दोन महिने, दर्जा शिकाऊ. सबब अर्जाचा विचार करता येत नाही. सोबतची लहान वस्तू परत करत आहोत. ती ओळखपत्र म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

"माझ्यामुळे झालं का रे?" नेल्वाने विचारलं.

"नाही गं. तो तर सगळ्यात बरा कागद होता." त्याने पासपोर्ट उचलून सूटकेसशेजारी ठेवला. नेल्वा रडली, आणि सेवेरोने तिला थांबवलं नाही.

रविवारी तो जाडीकडे गेला. मास्तर होतेच, अर्ज संपला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, अर्ज होता हेही त्यांना ठाऊक नव्हतं. इर्मा रोज त्यांना पंखाखाली आणून बसवायची, नाहीतर ते घरातल्या नळांवर टकटक करत बसत. फोन वाजला.

"आजोबा, झालं विमान?"

मागे कुठेतरी नायरा असणार. तिला कळलं होतं. सेवेरो म्हणाला, "एक नट बाकी आहे, बाळा."

"एकच?"

"एकच."

"तो झाला की याल?"

"तो झाला की येईन."

फोन ठेवून तो वळला तर मास्तर उठून उभे होते. स्क्रूड्रायव्हर हातात. "कुठला?"

"काय, मास्तर?"

"कुठला नट बाकी आहे?"

"मास्तर, ती लहान आहे. तिला सांगायला म्हणून..."

"मी विचारलं, कुठला?" ते इंजिनाशी गेले आणि एकेका नटावर बोट ठेवायला लागले. "याला रेघ आहे. याला आहे. याला आहे. सगळ्या माझ्याच आहेत. मी पाहिल्यात. पोरीला खोटं का सांगितलंस?" त्यांचा आवाज चढला. दोन टेबलांवरची माणसं बघायला लागली. "माझ्या हाताखाली राहून खोटं सांगतोस?"

सेवेरोने पेटीतून पाना काढला, शिडी चढला, आणि सिलिंडर सहाचा वरचा नट एका झटक्यात सैल केला. लाल रेघ मधोमध तुटली. खाली उतरून त्याने मास्तरांचा हात धरला आणि त्यांना वर चढवलं.

मास्तरांनी टकटक केलं. कान लावून ऐकलं. तुटलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हो," ते म्हणाले. "हा बाकी आहे." राग उतरला. त्यांनी खिशातली बाटली चाचपून पाहिली. "मग, आवळतोस?"

"आज नको, मास्तर."

मास्तरांनी खिशावरचा हात काढला. "बरं. आवळशील तेव्हा मला हाक मार. मी पाहायला येईन."

सेवेरो हो म्हणाला, आणि त्याने त्यांना हळूहळू शिडीवरून खाली उतरवलं.